नागदेवीच्या काउंटरवर नवी पोरं का येत नाहीत?

'मुंबईतलं मशिनरी मार्केट संपलं' हे वाक्य परत ऐकलं आणि राहवलं नाही. मी याच धंद्यात, पंप आणि बेअरिंगच्या होलसेलमध्ये नोकरी करतो. मार्केट संपलेलं नाही. संपत चाललीय ती त्यातली एक नोकरी, काउंटरवर उभं राहून गिऱ्हाइकाला नेमका माल निवडून देणाऱ्या माणसाची, आणि तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

नागदेवी स्ट्रीट, अब्दुल रहमान स्ट्रीट, लोहार चाळ हा सगळा बाजार गिरण्या आणि वर्कशॉपांच्या जिवावर उभा राहिला. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. त्या गिरण्यांना बेल्ट, बेअरिंग, व्हॉल्व्ह पुरवणाऱ्या दुकानांतल्या माणसांचं काय झालं, हे मात्र कुठे लिहिलेलं सापडत नाही. पुढे गिऱ्हाईक ठाणे-बेलापूर, तळोजा, तारापूर, चाकणला गेलं. कर्नाक बंदरचा लोखंड बाजार कळंबोलीला गेला. गोडाऊनं भिवंडीला गेली.

मग 1 जुलै 2017. जीएसटी आला, मुंबईची जकात त्याच दिवशी बंद झाली. नाक्यावर ट्रक अडकणं थांबलं, ते चांगलंच झालं. पण जकातीचे कागद करणारी माणसं घरी बसली. दुसऱ्या राज्यात माल विकताना लागणारा केंद्रीय विक्रीकर वाचवायला कंपन्या राज्याराज्यात डेपो ठेवायच्या, ते एकत्र झाले आणि तिथले क्लार्क, स्टोअरकीपर कमी झाले. त्यांची वेगळी मोजणी कुठे दिसणार? रोजगाराच्या सर्वेक्षणाच्या ठळक आकड्यांत 'व्यापार, हॉटेल, उपाहारगृहे' असा एकच रकाना असतो. किराणावाला, पंपवाला आणि चहावाला, सगळे त्यातच. सरकारी उद्योग-वर्गीकरणात यंत्रसामग्रीच्या घाऊक व्यापाराला 465 हा वेगळा गट आहे, पण बातम्यांमध्ये तो मी कधी वाचलेला नाही.

नवीन कामं निघालीत, नाही असं नाही. साइटवर जाऊन अलाइनमेंट करणारा म्हणजे पंप-मोटर एका रेषेत बसवणारा, मोटरचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह सेट करून देणारा, सरकारी पोर्टलवर टेंडर भरणारा माणूस सगळ्यांना हवाय. ही कामं डिप्लोमावाल्यांना मिळतात.

पण काउंटरवरचा माणूस? गिऱ्हाईक झिजलेलं बेअरिंग घेऊन येतं, नंबर पुसलेला. तो व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची पट्टी लावतो : आत 25, बाहेर 52, रुंदी 15 मिलिमीटर. म्हणजे बेअरिंग नंबर 6205. इथवर कुणीही येईल. तो पुढे विचारतो, 'कुठे बसतं हे? मोटरला? गरम होते का? मग सी-थ्री घेऊन जा, आत जरा जास्त मोकळीक असलेलं. धूळ आहे तिथे? मग पत्र्याच्या झाकणाचं झेडझेड नको, रबर सीलवालं घे.' या दोन-तीन प्रश्नांत कुणाची तरी मोटर वाचते. ऑनलाइन ऑर्डरमध्ये हे प्रश्न कुणी विचारत नाही. हे ज्ञान कुठल्या कॅटलॉगात एका जागी मिळत नाही, ते वर्षानुवर्षं काउंटरवर उभं राहून येतं. आमच्या आसपासच्या दुकानांत अशी माणसं बहुतेक पन्नाशी-साठीतली आहेत आणि त्यांच्या शेजारी शिकायला कुणी उभं नाही.

पोरांना दोष द्यायचा नाही. पीएफ लागू होतो 20 माणसांपासून, ईएसआयसी म्हणजे कामगार विमा 10 पासून. गाळ्यात असतात चार-सहा जण. म्हणजे दोन्ही नाही. भिवंडीच्या वेअरहाऊसमध्ये किंवा डिलिव्हरीच्या बाइकवर पहिल्या महिन्यापासून इथल्याइतके पैसे मिळत असतील तर पोरगा इथे पाच वर्षं का घासेल? शेठ लोक म्हणतात, 'शिकवलं की शेजारच्या दुकानात जातो.' अहो, मग त्याला शेजारच्यापेक्षा जास्त द्या. आपल्या मालाला भाव मिळावा म्हणून तुम्ही गिऱ्हाइकाशी तासभर घासाघीस करता, या माणसाच्या कसबाला भाव नको का?

आणि एक गोष्ट दुकानदारांना बहुतेक माहीतच नाही. अप्रेंटिस म्हणजे शिकाऊ उमेदवार ठेवायची सक्ती 30 माणसांपासून आहे, पण 2019 च्या बदलानंतर चार माणसांचं दुकानही स्वतःहून अप्रेंटिस घेऊ शकतं, आणि स्टायपेंडचा काही भाग केंद्र सरकार भरतं. आयटीआयचा फिटर किंवा इलेक्ट्रिशियन झालेला मुलगा फक्त कारखान्यातच का जावा? त्याला व्हर्नियर धरता येतो, ड्रॉइंग वाचता येतं. वर्षभर काउंटरवर उभा राहू दे.

या पोस्टवर मार्केटमधले कुणी असाल, तर जवळच्या आयटीआयच्या प्राचार्यांना एकदा भेटा. आणि आयटीआयमध्ये शिकवणारे असाल, तर प्लेसमेंटच्या यादीत कारखान्यांच्या खाली आमच्या गल्लीतली दुकानंही लिहा. कुणाशी बोलायचं ते कळत नसेल तर इनबॉक्समध्ये या, मी स्वतः दुकानांत घेऊन जातो.