आखडलेला खांदा बांधून ठेवू नये: एक खुलासा

डिचोली आणि पेडणे परिसरातील व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरत आहे: ‘खांदा आखडला की हात गळ्यात बांधून महिनाभर अजिबात हलवू नये.’ हा सल्ला चुकीचा असून त्याने अपाय होतो. फ्रोझन शोल्डरमध्ये, म्हणजे खांदा आखडण्याच्या या विकारात, सांध्याभोवतीचे आवरण सुजून जाड होते व आकसते. अशा वेळी हात बांधून ठेवला, तर आखडलेपणा वाढतो आणि फळीवरचा डबा काढणे किंवा पाठीमागे हात नेऊन केसांचा अंबाडा घालणेही अशक्य होऊन बसते. हा विकार बहुधा ४० ते ६० या वयात जडतो, मधुमेहींना अधिक, आणि ओसरायला १ ते ३ वर्षे लागू शकतात. म्हणूनच डॉक्टरांना दाखवून, सोसेल इतका हलका व्यायाम रोज करावा, ही कळकळीची विनंती. खांदा निखळला किंवा हाड मोडले असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा हात गळ्यात अडकवायची झोळी लागते, पण ती डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस.

‘टेनिस एल्बो (कोपराचे एक दुखणे) खेळाडूंनाच होतो’ असेही त्या संदेशात म्हटले आहे. तेही खरे नाही. विळीवर रोज नारळ खवणाऱ्या बाईलाही, मनगट उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या बाजूस जिथे हाडाला जोडलेले असतात, नेमके तिथेच हे दुखणे होऊ शकते.