‘जुनी विमानं संग्रहालयात ठेवा’ म्हणणाऱ्या ऐरोलीकरांना

ऐरोलीकर, नमस्कार.

हवाई कसरती आणि जुन्या विमानांच्या आठवणींवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात देतो. सत्तर-ऐंशी वर्षांची विमानं हौसेखातर उडवणं म्हणजे जिवाशी खेळ, अमेरिकेत ब्रॅडली विमानतळावर आणि डॅलसला, तसंच स्वित्झर्लंडमध्ये माणसं गेली ती याच हौसेपायी, तेव्हा ही विमानं संग्रहालयात ठेवा. त्यातून पैसा सरकारचा आणि मजा मूठभरांची. शिवाय नवी मुंबई विमानतळाखाली ज्यांची गावं गेली त्यांच्या शेजारी राहून विमानांचे गोडवे गाणं तुम्हाला खटकलं. यातलं काहीच एका ओळीत उत्तर देण्याजोगं नाही, म्हणून वेगळं लिहितोय.

अपघातांपासून सुरू करतो. तुमची कळकळ मला समजते, निष्कर्ष मात्र पटत नाही.

ब्रॅडलीचा अपघात २ ऑक्टोबर २०१९चा. ‘नाइन-ओ-नाइन’ हे दुसऱ्या महायुद्धातल्या बनावटीचं बी-१७ बॉम्बर पैसे भरून बसलेल्या प्रवाशांना घेऊन उडालं, एका इंजिनात बिघाड झाला म्हणून परत फिरलं आणि उतरताना कोसळलं. सात जण गेले. चौकशीत काय निघालं ते वाचलंत का? उजवीकडच्या चार नंबरच्या इंजिनात मॅग्नेटोची वायर साध्या बांधायच्या तारेने कशीबशी अडकवलेली होती. मॅग्नेटो म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारा भाग, तोच गडबडला तर इंजिनाचा जोर जातो. शेजारच्या तीन नंबरच्या इंजिनाच्या स्पार्क प्लगमधलं अंतर प्रमाणाबाहेर गेलेलं होतं. विमान चालवणारा वैमानिकच त्या संस्थेच्या देखभालीचा प्रमुख होता, म्हणजे काम करून घेणारा आणि त्या कामावर भरवसा टाकून उडणारा माणूस एकच. ती तार काही विमानासोबत कारखान्यातून आली नव्हती. कुणीतरी ती नंतर बांधली आणि पुढच्या कुणी ‘हे काय आहे?’ असं विचारलं नाही.

स्वित्झर्लंडचं युंकर्स-५२ ऑगस्ट २०१८मध्ये पडलं, वीस जण दगावले. विमान १९३९चं. वैमानिकांनी ते अरुंद दरीत इतक्या खालून नेलं होतं की वळायला किंवा वर निसटायला जागाच उरली नाही, वेगही कमी पडला. त्या दरीत तसं नेलं असतं तर कालपरवा बनलेलं विमानही वाचलं नसतं. आणि डॅलसला नोव्हेंबर २०२२मध्ये दोन विमानं हवेत एकमेकांवर आदळली, सहा माणसं गेली. कोणी किती उंचीवर राहायचं हे आधी बसून ठरवलेलंच नव्हतं, सूचना आयत्या वेळी रेडिओवरून चालल्या होत्या.

वयाने काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही. त्याच युंकर्सचे अवशेष तपासताना गंज आणि धातूला गेलेल्या चिरा सापडल्या. अपघात त्यांच्यामुळे झाला नाही असं चौकशीने म्हटलं खरं, पण त्या आधीच्या तपासणीत सापडायला हव्या होत्या. माझा मुद्दा एवढाच की, जुन्या विमानाला जास्त डोळे लागतात. ते जिथे मिळतात तिथे ती विमानं आजही सुखरूप उडताहेत.

तुम्ही विचारलंत, ‘स्वतःच्या नातीला बसवाल का अशा विमानात?’ प्रश्न रास्त आहे. वैमानिक धोका जाणून बसतो, तिकीट काढणाऱ्याला तो ठाऊक नसतो, म्हणून पैसे घेऊन माणसं बसवणाऱ्याला नियम कडकच हवेत. यात तुमचं-माझं एकमत आहे. नातीला बसवायच्या आधी मी इंजिन शेवटचं कधी उघडलं ते विचारीन, वैमानिकाचे याच जातीच्या विमानावरचे तास विचारीन आणि किती वारा असला की तुम्ही उड्डाण रद्द करता तेही विचारीन. सरळ उत्तरं आली तर बसवीन आणि शेजारी मीही बसेन. ‘काही होत नाही हो, बसा बिनधास्त’ असं कुणी म्हणालं तर तिथूनच परत फिरेन. या ‘काही होत नाही’ची मला धास्ती आहे, विमानाच्या वयाची तेवढी नाही.

मजा मूठभरांची, हे मात्र इतिहासाला धरून नाही. १९३२ ते १९३५ या काळात अ‍ॅलन कोबहॅम नावाचा वैमानिक आपला उडता ताफा घेऊन इंग्लंडभर गावोगाव फिरला. कुरणात विमान उतरायचं आणि पाच शिलिंगांपासून पुढे फेरी मिळायची. लाखो माणसं आयुष्यात पहिल्यांदा हवेत गेली ती अशी. आपल्याकडे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने पुष्पक बनवलं, १९५८ साली ते पहिल्यांदा उडालं आणि मग देशभरच्या फ्लाइंग क्लबांत पोचलं. दोन आसनं शेजारीशेजारी, नव्वद अश्वशक्तीचं इंजिन, नळ्यांच्या सांगाड्यावर ताणून बसवलेलं कापड. वडिलांचे एक स्नेही जुहूच्या विमानतळावर इंजिनियर होते, त्यांच्या ओळखीने मला त्यात एक फेरी मिळाली. बसण्याआधी त्यांनी मला पंखाच्या कापडावर टिचकी मारायला लावली, ढोलकीसारखा ताणलेला आवाज आला. ‘हा आवाज सैल आला की विमान जमिनीवर ठेवायचं,’ ते म्हणाले. कापड ताठ राहावं म्हणून त्यावर चढवलेल्या डोप नावाच्या लेपाचा वास नाकात बसला तो बसलाच. वर गेल्यावर खाली समुद्र, नारळीची झाडं आणि धावपट्टीला खेटून उठत चाललेल्या इमारती. आमचं घर तेव्हा ठाण्यात, चाळीतल्या दोन खोल्यांचं. त्या विमानात बसण्यासाठी श्रीमंत असावं लागत नव्हतं.

आता संग्रहालय. तुम्ही म्हणता ‘ठेवा संग्रहालयात’, पण आपल्या मुंबईत एक होतं, ते आठवतंय? आयएनएस विक्रांत, आपली पहिली विमानवाहू युद्धनौका. नौदलातून निवृत्त झाल्यावर २००१ पासून ती लोकांसाठी खुली होती. सी हॉक, अलिझे ही विमानं तिथे अगदी हाताच्या अंतरावर बघता यायची. अलिझेचे पंख घडी घालून ठेवलेले असत आणि त्या बिजागऱ्यांशी वाकून बघणाऱ्या पोरांना हलवणं अवघड व्हायचं. २०१२मध्ये जहाज धोकादायक झालं म्हणून बंद केलं, २०१४मध्ये भंगारात काढलं. १९७१च्या युद्धात लढलेलं जहाज आपण समुद्राच्या पाण्यात नुसतं उभं ठेवलं आणि ते पाण्यानेच खाल्लं. गोव्यात वास्कोच्या नौदल संग्रहालयात जाऊन या. मांडणी मनापासून केलेली आहे, मला ती जागा फार आवडते. पण सुपर कॉन्स्टेलेशनसारखं चार इंजिनांचं देखणं विमान तिथे उघड्यावर पाऊस आणि खारा वारा झेलत उभं आहे. कोकणच्या हवेत अ‍ॅल्युमिनियमचं काय होतं हे आपल्याला खिडकीच्या फ्रेमवरून कळतं. उडणाऱ्या विमानाला दर थोड्या तासांनी कुणीतरी उघडतं, पुसतं, ग्रीस लावतं, नसेल तो भाग करवून घेतं. उभ्या विमानाला रंगाचा एक हात मिळतो, तोही पाहुणे येणार असतील तेव्हा.

शिवाय उभं विमान काम शिकवत नाही. लेकीकडे इंग्लंडला गेलो होतो तेव्हा ओल्ड वॉर्डनचा शटलवर्थ संग्रह पाहिला, तिथली जुनी विमानं अजून उडवतात. तिथे टायगर मॉथ हे जुनं शिकाऊ विमान सुरू करताना मी कुंपणाला टेकून उभा होतो. टायगर मॉथला ना स्टार्टर, ना ब्रेक. चाकांपुढे लाकडी ठोकळे लावतात. मेकॅनिक ओरडतो, ‘स्विचेस ऑफ!’ आतला वैमानिक तेच परत म्हणतो. मग मेकॅनिक पंखा हाताने सावकाश फिरवून इंजिनात पेट्रोल ओढून घेतो. नंतर ‘काँटॅक्ट!’, त्यालाही आतून उत्तर, आणि एका झटक्यात पंखा ओढून तो मागे सरतो. मागे सरण्याचं पाऊल कुठलं, हेसुद्धा शिकवलेलं असतं. कारण चुकलं तर हात जातो. त्या दिवशी पंखा ओढणारी मुलगी विशी-पंचविशीची असेल, तिच्याकडे बघत उभा असलेला म्हातारा तिचा गुरू. विमान काचेआड गेलं तर ही विद्या त्या म्हाताऱ्याबरोबर संपते. त्याच संग्रहात १९०९चं ब्लेरिओ विमान आहे आणि तेही उडतं! कसं? वारा पूर्ण पडला तरच, धावपट्टीच्या सरळ रेषेत, जेमतेम माणसांच्या डोक्यावरून, एक छोटी झेप. पान हललं तर त्या दिवशी बाहेरच काढत नाहीत. माणसं तिकीट काढून आलेली असतात, तरी काढत नाहीत. जुनं विमान सांभाळणं म्हणजे मला हे अभिप्रेत आहे.

सरकारी पैशाबद्दल फार लिहीत नाही. आपल्या हवाई दलाचं ‘परशुराम’ हे डाकोटा विमान भंगारातून उचलून, ब्रिटनमध्ये दुरुस्त करवून तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी भेट दिलं, त्यांचे वडील डाकोटाचे वैमानिक होते. मे २०१८मध्ये ते दलात दाखल झालं. त्याच्या शेपटीवर व्हीपी ९०५ हा क्रमांक रंगवलाय, २७ ऑक्टोबर १९४७ला शीख रेजिमेंटची पहिली तुकडी श्रीनगरला उतरवणाऱ्या विमानाचा. कसरतींच्या कार्यक्रमाचा खर्च मोठा असतो हे मान्य. पण जानेवारी २०२४मध्ये ठाण्याहून निघून, दादरला गाडी बदलून मी मरीन ड्राइव्हला पोचलो तेव्हा कट्ट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि ती सगळी माणसं फुकट बघत होती. हवाई दलाच्या सूर्यकिरण या कसरती पथकाची नऊ विमानं मलबार हिलच्या बाजूने आली तेव्हा माझ्या पुढ्यात भेळवाल्याने हातातला कागद तसाच धरून वर बघितलं. मूठभर कुणाला म्हणायचं?

गावांचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला. तिथे वाद घालायचा नाही. उलवे, तरघर, कोंबडभुजे, कोपर, चिंचपाडा, गणेशपुरी ही गावं उठली, उलव्याचा डोंगर कापला, नदीचा प्रवाह वळवला. विमानतळाला जमिनीच्या लढ्याचे नेते दि. बा. पाटलांचं नाव मिळावं म्हणून लोकांना रस्त्यावर यावं लागलं, आणि १९८४च्या जासईच्या आंदोलनात पाच जणांनी जीव दिला ते जमिनीच्या मोबदल्यासाठीच. आमच्या ठाणे जिल्ह्यात नेवाळीची जमीन महायुद्धात धावपट्टीसाठी घेतली गेली, तिचा तंटा २०१७मध्ये पुन्हा पेटला. विमानांवर प्रेम करणाऱ्याने या जमिनींचा हिशेब विसरू नये, हे तुमचं म्हणणं मी जसंच्या तसं स्वीकारतो.

त्यावर माझं एक मागणं आहे. नव्या विमानतळावर एक दालन व्हावं, छपराखाली, वातानुकूलित, पावसाचा थेंब न लागणारं. त्यात उठलेल्या प्रत्येक गावाचं नाव, नकाशा आणि घरांचे फोटो असावेत. त्याच दालनात एक डाकोटा असावं, कारण १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून रात्री निघणारी टपालाची डाकोटा विमानं मध्यरात्री आपल्या नागपूरला एकत्र यायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत परत पोचायची. ही गोष्ट महाराष्ट्रातल्या पोरांना कुणी सांगत नाही. डाकोटा उडणारं असावं की उभं, यावर आपण खुशाल भांडू. निवेदन तुम्ही लिहा, गावांची माहिती तुम्हाला माझ्याहून जास्त आहे. विमानाचा भाग मी लिहून देतो, आणि सह्यांसाठी ठाण्यात दारोदार मी फिरतो.