अपिलाला वर्ष नसतं, १४ दिवस असतात

"हद्दपारीनंतर पुन्हा अमेरिकेत शिरल्याबद्दल शिक्षा झाली तर घाबरू नका, अपिलाला वर्षभर मुदत असते. पण अपील केलंत तर शिक्षा वाढते. आणि गुन्हा कबूल केला असेल तर अपील विसराच." हा मजकूर मराठी ग्रुपांवर फिरतोय. माझ्या मावशीने तो शेजारच्या काकूंना पाठवला. त्यांचा मुलगा टेक्सासच्या तुरुंगात आहे, शिक्षा सुनावून आठवडा झालाय. कुणी लिहिलंय हे?

वर्षभराची थाप सगळ्यात घातक. तिथल्या संघीय न्यायालयात निकालाची नोंद झाल्यापासून १४ दिवसांत अपिलाची नोटीस द्यावी लागते. सबळ कारण दाखवलं तर न्यायाधीश आणखी जास्तीत जास्त ३० दिवस देऊ शकतात, पण देतीलच असं नाही. वर्षाची मुदत असते ती वेगळ्या अर्जाला. तो शिक्षा अंतिम झाल्यावर करतात, वकिलाने हलगर्जी केली अशा मुद्द्यांवर. अपिलात मांडायचं राहून गेलेलं त्यात सहसा ऐकून घेत नाहीत. नोटीस एखाद्या पानाची असते, कारणं नंतर मांडायची असतात. वकील दाद देत नसेल तर आरोपीने मागणी केल्यावर कोर्टाच्या क्लार्कने ती दाखल करायची, असा नियमच आहे. पैसे नसतील तर अपिलालाही सरकारी खर्चाने वकील मिळतो.

शिक्षा वाढते म्हणे! ग्रीनलॉ नावाच्या आरोपीने अपील केलं, तर वरच्या कोर्टाने आपणहून त्याची शिक्षा १५ वर्षांनी वाढवली. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. सरकारने स्वतः अपील केलेलं नसेल तर अपील कोर्टाला शिक्षा वाढवता येत नाही.

कबुलीबद्दल थोडं तथ्य आहे, ते मान्य करते. कबुलीच्या करारात बरेचदा अपिलाचा हक्क सोडलेला असतो, आणि मग बहुतेक मुद्दे टिकत नाहीत. तरीही अशिलाने सांगितल्यावर वकिलाने नोटीस द्यायलाच हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये गार्झा खटल्यात स्पष्ट केलंय. करार नसताना दिलेल्या कबुलीने तर शिक्षेविरुद्धचं अपील बंदच होत नाही.

अपिलाने हद्दपारी थांबत नाही, हेही खरं. या गुन्ह्याला साधारणपणे कमाल २ वर्षं, आधीचे गंभीर गुन्हे असतील तर १० किंवा २०. शिक्षा छोटी असेल तर अपिलाच्या निकालाआधीच ती भोगून होते. म्हणून तर काकूंना म्हटलं, मुलाला वकिलाकडे आजच लेखी मागणी द्यायला सांगा.