स्टिरॉइडने वजन वाढतं हे खरंय, त्या मेसेजमधलं बाकीचं नाही

गेले पंधरा दिवस आमच्या बेळगावच्या शहापूर-वडगाव भागात सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरूलालाय, मराठीत पण आणि कन्नडमध्ये पण. थोडक्यात असा की, डॉक्टर देतात ती स्टिरॉइडची गोळी म्हणजे कोरोनात आलेलं नवीन विष, तिने अंगात चरबी भरते ती जन्मात उतरत नाही, इनहेलरमध्ये पण तेच असतंय, म्हणून आजच्या आज सगळं बंद करा आणि खालच्या नंबरवरून आयुर्वेदिक पुडी मागवा. मी मेडिकलवर बसतो, डॉक्टर नाही, पण रोज कोण ना कोण मोबाईल काउंटरवर ठेवून "हे खरं काय हो?" विचारतंय, म्हटलं एकदा लिहूनच टाकूया.

नवीन विष वगैरे काही नाही. 1948 ला अमेरिकेत संधिवाताच्या पेशंटला कॉर्टिसोन हे स्टिरॉइड पहिल्यांदा दिलं, 1950 ला त्या कामाला नोबेल मिळालं. कोरोनात डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचं नाव घराघरात पोचलं, एवढंच.

आता चरबी. इथे मेसेजवाल्याने अर्धं खरं उचललंय, म्हणून तर लोकांना पटतंय. आमच्या गल्लीतल्या एक मामी आहेत, संधिवातासाठी प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी चालू. परवा आल्या आणि हात पुढे केला, अंगठी बोटात रुतलेली, "बघ की रे, पंधरा दिवसात जाड झाले." मी म्हटलं मामी पाय दाखवा, घोट्याच्या वर बोट दाबलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. ही चरबी नव्हे, पाणी. या गोळीने शरीर मीठ धरून ठेवतं आणि मिठाबरोबर पाणी, म्हणून सुरुवातीला काट्यावर किलो पटापट वाढलेले दिसतात. जेवणात काय काय असतं विचारलं तर पापड, लोणचं, वरून शेंगाच्या चटणीत मीठ जास्तच. पायाची सूज डॉक्टरांना दाखवा म्हटलं, कारण ती किडनीची किंवा हार्टची पण असू शकते, आपण काउंटरवरून ठरवायचं नसतं.

दुसरी गोष्ट भूक. गोळी स्वतः चरबी तयार करून अंगात ओतत नाही, पण भूक अशी लागते की रात्री अकराला डबे उघडावेसे वाटतात, आणि घरात कुंदा (आमची खव्याची मिठाई) असेल तर संपलंच. त्यात काहीजण आजारानेच वाळलेले असतात, दुखणं कमी झाल्यावर जेवण जाऊ लागतं आणि गेलेलं वजन परत येतं, ते पण आपण गोळीच्याच नावावर टाकतो.

तिसरं म्हणजे चरबीची जागा बदलते, तोंड गोल होतं, मानेमागे उंचवटा येतो, पोट सुटतं आणि हातपाय मात्र बारीक होतात कारण मांडीदंडाचा स्नायू झिजतो. त्यामुळे नुसता काटा बघून काही कळत नाही, जमिनीवरून उठताना आधार लागतोय का ते बघायचं. शुगर पण वाढू शकते, ती तपासायची. पण अंगाचे हे बदल होतात ते जास्त डोस आणि जास्त महिने असतील तर. पाच-सात दिवसांच्या कोर्सने कोणी कायमचं जाड होत नाही.

"जन्मात उतरत नाही" हे तर साफ चूक. डोस कमी झाला की पाणी आधी उतरतं, तोंडाचा गोलवा जायला महिने लागतात पण जातो. खाऊन चढवलेलं वजन मात्र आपलं आपणच उतरवायचं, त्याला कोण काय करणार.

इनहेलरचं गणित सोपं आहे. इनहेलरमधलं स्टिरॉइड म्हणजे बुडेसोनाईड, त्याच्या एका पफमध्ये साधारण 200 मायक्रोग्रॅम औषध, आणि प्रेडनिसोलोनचा 40 मिलिग्रॅमचा डोस म्हणजे 40,000 मायक्रोग्रॅम. औषधं वेगळी आहेत, ताकद पण वेगळी, पण अंदाज यावा म्हणून सांगितलं. आणि ते मुख्यतः छातीतच काम करतं. कापडाच्या मागावर धागा-धूळ खाऊन दम लागणारी माणसं इकडे कमी नाहीत, त्यांनी वजनाच्या भीतीने पंप सोडला तर रात्री ऑक्सिजन लावायची पाळी येईल. पंप मारल्यावर चूळ भरा म्हणजे तोंड येणार नाही.

"आजच्या आज बंद करा", या एका ओळीसाठी तो मेसेज डिलीट करायला पाहिजे. किडनीच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या रोज कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, बनवतात. तीनेक आठवड्यांच्या वर बाहेरून गोळी मिळत राहिली की त्या झोपतात, आणि आपण एकदम थांबवलं की अंगात काहीच उरत नाही. उलट्या, चक्कर, बीपी खाली, जीव पण जाऊ शकतो. म्हणून डॉक्टर 20 मिलिग्रॅमवरून 15, मग 10 असं उतरवत आणतात. मामींनी दोन दिवस गोळी घेतलीच नव्हती हे मला नंतर कळलं, तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला.

आणि ती पुडी. दोन दिवसात गुडघा मोकळा होतो, भूक लागते, गाल भरतात, लोक खूश. मग महिन्याभराने तोंड गोल. कशाची लक्षणं ही? अशा बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं तपासणीत कितीतरी वेळा सापडलंय. लग्नाआधी अंग भरायला म्हणून पोरी लेबल नसलेल्या गोळ्या मागतात त्यातही बऱ्याचदा डेक्सामेथासोनच असतं, मी देत नाही म्हणून शिव्या खातो. आमच्या स्ट्रिपवर निदान मिलिग्रॅम तरी छापलेले असतात, पुडीतलं किती आहे तेच माहीत नाही तर ते उतरवत आणायचं कशावरून?