लय पळते

काही वर्षांपूर्वी लंडनमध्ये कँडोको या संस्थेचा नृत्यप्रयोग पाहिला. तिथे अपंग आणि धडधाकट नर्तक एकत्र नाचत. सेलेस्ट डँडेकर ही नर्तकी १९७३ मध्ये भर प्रयोगात मंचावर पडली, तेव्हापासून व्हीलचेअरवर. तिने आणि अ‍ॅडम बेंजामिनने १९९१ मध्ये ही संस्था काढली. मध्यंतरापर्यंत माझे डोळे दोनदा भरून आले होते. शेजारच्या बाई मात्र म्हणाल्या, "दुसरा नाच फारच रेंगाळला, नाही?" मला रागच आला. परतताना ट्रेनमध्ये आठवू लागलो, तर तो खरंच रेंगाळला होता. पण मी सगळा वेळ व्हीलचेअरकडेच बघत बसलो होतो.

भारतातले वाद मी इथे परदेशात बसून वाचतो. 'अपंग' म्हणायचं की 'दिव्यांग', विनोदाची हद्द कुठे संपते. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'आँख मिचोली' या चित्रपटावरच्या खटल्यात अपंगांना कमी लेखणारा विनोद आणि अपंगत्व समजून घ्यायला लावणारा विनोद असा फरक केला. चांगलंच झालं. पण हे सगळं मंचावरून काय बोललं जातं याबद्दल. खाली बसलेले आपण कसे वागतो, यावर कोण भांडतंय?

आपल्याकडे कलाकार मंचावर येण्याआधीच निवेदक त्याचा अपघात, आजार, आईचे कष्ट सगळं सांगून मोकळा होतो. पहिला सूर लागायच्या आत टाळ्या! त्यानंतर तो बेसूर गायला तरी कोण बोलणार? नर्तकी सुधा चंद्रन यांचा पाय १९८१ च्या अपघातानंतर गेला, जयपूर फूट हा कृत्रिम पाय लावून १९८४ मध्ये त्या पुन्हा नाचल्या. ही गोष्ट मी लहानपणापासून शंभरदा ऐकली असेन. नाचातला त्यांचा अभिनय कसा होता, हे मात्र मला कुणीही सांगितलं नाही.

इथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत अ‍ॅली स्ट्रोकरला रंगभूमीचा टोनी पुरस्कार मिळाला, व्हीलचेअर वापरणाऱ्या अभिनेत्रीला पहिल्यांदाच. आणि प्रेक्षागृहातून मंचावर जायला रॅम्पच नव्हता, म्हणून ती आधीपासून विंगेत थांबली होती. कौतुकाला तोटा नव्हता, रॅम्पला होता. (लंडनमधल्या त्या बाईही फटकळ होत्या, हे कबूल करतो.)

माझा भाऊ म्हणतो, कौतुकाने कुणाचं काय बिघडतं? एवढ्या अडचणी पार करून आलेल्याला चार टाळ्या जास्त दिल्या तर? त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण त्या चार टाळ्यांवर कलाकाराला पुढचं काम मिळत नाही, सत्काराचं बोलावणं येतं. बाकीच्यांना चुका दाखवणारे गुरू भेटतात, याला नुसते गहिवरणारे.

गेल्या महिन्यात घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. डावा हात नसलेला मुलगा पेटी वाजवतोय, भाता पायाने. खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग, 'आपण उगाच रडतो' वगैरे. मी लिहिलं, "बोटं सुरेख आहेत, पण द्रुत म्हणजे जलद लयीत पळतोय, तालाच्या पुढे जातोय." दोन दिवस ग्रुपवर शुकशुकाट. भावाने तर मला फोन करून झापलं.

तिसऱ्या दिवशी मावशीचा मेसेज आला. तिने पंधरा वर्षं पेटी शिकवली आहे. "पुन्हा ऐकलं. पळतोय खरा. त्याला म्हणावं, आधी संथ, विलंबित घोट."