अधिवेशन नागपुरातच हवं, आणि पुरतं हवं

डिसेंबर आला की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच वाद पेटतो. धरमपेठेतले काका लिहितात, हिवाळी अधिवेशनाचा हा खर्च कशाला, सिव्हिल लाइन्सचे रस्ते बंद, मुंबईतच उरका ना. वर्धेचा मामेभाऊ लगेच म्हणतो, वेगळा विदर्भ द्या, प्रश्नच मिटला.

मी राहतो त्या स्ट्रासबर्गमध्येही हाच वाद आहे, फक्त तो अख्ख्या खंडाचा आहे. युरोपियन संसदेचं रोजचं काम ब्रुसेल्समध्ये चालतं, पण वर्षातून बारा वेळा खासदार, दुभाषे, फायलींच्या पेट्या सगळं इथे येतं, चार दिवस थांबतं आणि परत जातं. युरोपियन लेखापरीक्षकांनी २०१४ मध्ये हिशेब केला होता: सगळं ब्रुसेल्सला हलवलं तर वर्षाला ११.४ कोटी युरो वाचतील. बहुतेक खासदारांनाही ही ये-जा नको आहे. पण ती थांबत नाही, कारण ही बारा सत्रं १९९७ च्या अ‍ॅम्स्टरडॅम करारात लिहिलेली आहेत आणि करार बदलायला सगळ्या सदस्य देशांचं एकमत लागतं.

स्ट्रासबर्गच का, तर हे गाव १८७१ मध्ये जर्मनीकडे गेलं, १९१८ मध्ये फ्रान्सकडे आलं, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीने गिळलं. इथल्या एकाच पिढीने कागदावरचा देश तीन-तीनदा बदललेला पाहिला. म्हणून १९४९ मध्ये युरोप परिषदेने, म्हणजे संसदेहून वेगळ्या अशा युरोपीय देशांच्या संघटनेने, आपलं ठाणं इथे टाकलं. आज इथली ट्रॅम ऱ्हाइन ओलांडून जर्मनीतल्या केल गावात जाते. लोक तिकडे साबण-शाम्पू घेतात, तंबाखू घेतात, कामाला जातात. मार्च २०२० मध्ये जर्मनीने ही सीमा बंद केली आणि जूनपर्यंत नदीपलीकडची माणसं अचानक परकी झाली. आपण युरोपियन आहोत हे इथे भाषणांनी ठरत नाही. सीमा कोणासाठी उघडी आहे आणि निर्णय कोणाच्या गावात होतो, यावर ते ठरतं. बल्गेरिया आणि रोमानिया २००७ मध्ये युरोपियन संघात आले, पण त्यांच्या रस्त्यांवरची सीमा-तपासणी उठायला १ जानेवारी २०२५ उजाडावा लागला. इतकी वर्षं नाक्यावर रांगेत उभं राहिलेल्या ट्रक ड्रायव्हरला 'आपला युरोप' कसा वाटावा?

आपलं नागपूर १९५६ पर्यंत राजधानी होतं, आधी मध्य प्रांत-वऱ्हाडची, मग मध्य प्रदेशची. राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. ती बाजूला ठेवून आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि पांढुर्णा-सौसर सीमेपलीकडे राहिले. तिथला संत्र्याचा माल आजही नागपूरच्या बाजारात येतो. तिथला आजारी माणूस नागपूरच्या मेडिकलमध्ये येतो. नागपूरहून रायपूर तीनशे किलोमीटरच्या आत आहे, मुंबई सातशेच्या पुढे. म्हणजे रोजच्या जगण्याने आम्हाला आपोआप महाराष्ट्रीय केलेलं नाही. ते एका शब्दावर झालं. महाराष्ट्र आणि विदर्भातल्या नेत्यांनी २८ सप्टेंबर १९५३ ला केलेल्या नागपूर कराराचा तो शब्द: सरकार दरवर्षी ठरावीक काळ नागपुरात येईल आणि विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन इथे होईल. करारावर यशवंतराव चव्हाणांचीही सही आहे.

हा शब्द किती जड आहे ते आठवायचं तर २३ नोव्हेंबर १९९४ आठवावा. आदिवासी दर्जा मागायला नागपूरच्या अधिवेशनावर आलेला गोवारी समाजाचा मोर्चा मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवला गेला आणि चेंगराचेंगरीत ११४ जणांचा जीव गेला. बहुतेक बाया आणि पोरं. ती माणसं मंत्रालयावर कधी पोचली असती? सरकार त्यांच्या टप्प्यात वर्षातून एकदाच येतं, म्हणून ती आली होती. काका रस्ते बंद होण्याबद्दल लिहितात तेव्हा मला हे आठवतं आणि राग येतो, काकांवर प्रेम असूनही.

दुसरीकडे २०२४ चं अधिवेशन बघा. १६ डिसेंबरला सुरू, २१ ला संपलं. सहा दिवस. त्यात शोकप्रस्ताव, पुरवणी मागण्या, गोंधळ, आणि उरल्या वेळात विदर्भ. विकासातला मागासपणा आणि निधीवाटपावर लक्ष ठेवणाऱ्या विदर्भाच्या वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली तेव्हा मुंबईत फारशी कोणाची झोप उडाली नाही. अशाने वेगळ्या विदर्भाची मागणी वाढली तर दोष मागणाऱ्यांचा कसा?

वेगळं राज्य झालं तर मला दुःख होईल. गडचिरोली आणि रत्नागिरी एका राज्यात असण्यात मला मोल वाटतं. पण ते मोल फुकट टिकत नाही. स्ट्रासबर्गवर टीका करणारे पैशाच्या बाबतीत खरे आहेत. तरी बाराची अकरा कोणी परस्पर करू शकत नाही. आमच्याकडे अधिवेशनाचे दिवस दरवर्षी विधिमंडळाच्या कामकाज सल्लागार समितीच्या सोयीने ठरतात. नागपूरच्या अधिवेशनाचे किमान दिवस कायद्यात लिहा, आणि त्यातला एक आठवडा फक्त सिंचन, विकासाचा अनुशेष, कापूस आणि गडचिरोलीसाठी राखून ठेवा. विदर्भाचे ६२ आमदार आहेत. पक्ष कोणताही असो, हे विधेयक त्यांनीच आणायला हवं.