‘तीन हजारांचं खेळणं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

तुम्ही नावाच्या जागी ‘शहापूरचा जुना सायकलवाला’ एवढंच लिहिलंय. चाळीस वर्षं सायकल चालवतोय म्हणालात, म्हणून काका म्हणतो.

मागच्या महिन्यात मी माझ्या स्वस्तातल्या जीपीएस सायकल कॉम्प्युटरबद्दल, म्हणजे हँडलवर लावायच्या, वेग, अंतर आणि चढाई नोंदवणाऱ्या यंत्राबद्दल लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं, की हे तीन हजारांचं खेळणं आहे. तुमचा पुतण्या आणि त्याचा मित्र एकाच दिवशी, एकत्रच, बेळगावहून गोव्याकडे जाणारा चोर्ला घाट उतरून परत वर चढून आले, तर दोघांच्या यंत्रांत पावणेदोन किलोमीटरचा फरक पडला. चढाईचे आकडे तर दोघांचेही भलतेच. हेच सगळं मोबाईलवर फुकट मिळतं. आणि शेवटी तुम्ही लिहिलंत, की खेड्यातले दूधवाले दोन्ही बाजूंना कॅन बांधून रोज बेळगावात येत होते, त्यांना कुठलं यंत्र लागलं नाही. तुम्ही पोरांना उगाच खर्चात पाडताय.

उत्तराला चार दिवस लागले, कारण त्यातला एक मुद्दा मला आधी तपासायचा होता. तो तपासला. चढाईच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे आणि मी चुकीचं लिहिलं होतं. ‘यात बॅरोमीटर आहे, त्यामुळे चढाईचा आकडा बिनधास्त मानावा’ हे माझं वाक्य होतं. ते मी बॅटरी आणि किमतीच्या भरात लिहून गेलो.

काय केलं ते सांगतो. रविवारी सकाळी सहा वाजता यंत्र रेकॉर्डिंगला लावून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिलं आणि दिवसभर जागचं हलवलं नाही. सहा वाजता ते ७६२ मीटर दाखवत होतं. दहा वाजता ७४४. दुपारी चारला ७७६. घर जागेवरच होतं, आभाळही स्वच्छ होतं. बॅरोमीटर उंची मोजत नाही, हवेचा दाब मोजतो, आणि दाबावरून उंचीचा हिशेब करतो. आपल्या बेळगावच्या उंचीवर दाब एक मिलिबारनं बदलला की हिशेबात साधारण नऊ मीटरचा फरक पडतो. आणि हवेचा दाब रोज दोनदा चढतो, दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमारास जास्त, पहाटे चारच्या आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. उन्हानं वातावरण तापण्या-निवण्यातून ही एक प्रकारची भरती-ओहोटीच होते, आणि आपल्यासारख्या उष्ण भागात ती चांगली जाणवते. तीन-साडेतीन मिलिबारचा फरक, म्हणजे बसल्या जागी तीस मीटर. पहाटे निघून दहा-साडेदहाला घरी परतणाऱ्या प्रत्येकाला आपलं घर पंधरा-वीस मीटर खाली गेलेलं दिसणार. हे मला दोन वर्षं दिसत होतं आणि मी त्याला ‘यंत्राचा किरकोळ दोष’ म्हणून सोडून देत होतो. महागातल्या यंत्रातही बॅरोमीटरच असतो आणि त्यालाही हाच दाब लागतो. फरक इतकाच, की ती यंत्रं उपग्रहांवरून किंवा नकाशावरून अधूनमधून स्वतःला सावरून घेतात.

पावसाळ्यात तर याहून वाईट. यंत्राच्या पाठीवर एक बारीक भोक असतं, हवा आत जायला. जांबोटीच्या पुढे जुलैचा पाऊस कसा असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. त्या भोकावर पाण्याचा थेंब बसला, की आतला दाब अडकून पडतो. माझ्याकडे एका राईडची नोंद आहे, त्यात भाताच्या सपाट शिवारातून जाताना मी दोनशे मीटरचा डोंगर चढलोय. त्यामुळे पुतण्यानं आणि त्याच्या मित्रानं चढाईचे आकडे एकमेकांशी ताडून वाद घालू नये, एवढं तुम्ही त्यांना माझ्याकडूनही सांगा. शिवाय एकूण चढाई म्हणजे छोट्या-छोट्या चढांची बेरीज. दोन मीटरचा उंचवटा धरायचा की सोडून द्यायचा, हे प्रत्येक कंपनी आपापल्या परीनं ठरवते. चोर्ल्याच्या वाटेवर पिरनवाडीपासून कणकुंबीपर्यंतचा रस्ता सारखा खालीवर होत जातो. तिथे हा एवढासा फरक साठत साठत शेकड्यांवर जातो.

आता अंतराचं. इथे मात्र मी यंत्राच्या बाजूनं बोलणार आहे.

उपग्रह वीस हजार किलोमीटरवर फिरतात. त्यांच्याकडून निघालेला संदेश आपल्यापर्यंत यायला किती वेळ लागला, यावरून यंत्र आपली जागा काढतं. वेळेत एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी जागा तीनशे मीटरनं चुकेल, इतकं हे बारीक काम आहे. उघड्या माळावर, समजा सांबऱ्याच्या बाजूला, पाच मीटरच्या आत बरोबर जागा मिळते. चोर्ल्याला वर झाडांचं छत, तेही ओलं, एका बाजूला कापलेली दरड. संदेश पानांत क्षीण होतो, दरडीवर आपटून लांबच्या वाटेनं येतो. त्यात वळणं. उतारावर ताशी चाळीसनं जाताना सायकल सेकंदाला अकरा मीटर पुढे जाते. यंत्र सेकंदाला एक ठिपका टिपतं आणि ठिपके सरळ रेषेनं जोडतं. अरुंद वळणावर ती रेषा रस्त्यापेक्षा थोडी आखूड पडते. यातली काही यंत्रं मेमरी वाचवायला चार-पाच सेकंदांनी एकदा टिपतात, ती तर वळण सरळच कापतात. उलट, चहाला थांबलात आणि ऑटो पॉज (सायकल थांबली की नोंदही आपोआप थांबवणारी सोय) बंद असेल, तर उभ्या सायकलचाही ठिपका इकडेतिकडे उड्या मारत राहतो आणि अंतर वाढत जातं. एकाचं यंत्र वळणं कापत होतं आणि दुसऱ्याचं कणकुंबीच्या टपरीवर चालत होतं, एवढ्यातच सव्वाशे किलोमीटरच्या फेरीत पावणेदोन किलोमीटरचा फरक पडू शकतो.

त्याला उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. चाकाच्या हबला, म्हणजे मधल्या तुंब्याला, लावायचा स्पीड सेन्सर घ्यावा. मग अंतर आभाळातून येत नाही, चाकाच्या फेऱ्यांवरून येतं. जंगल असो की पाऊस, त्याला काही फरक पडत नाही. पण चाकाचा घेर स्वतः मोजून भरावा. टायरच्या मापांच्या तक्त्यात ७०० × २८ च्या टायरला २१३६ मिलिमीटर दिलंय. मी अंगणात खडूनं खूण केली, व्हॉल्व्ह खाली आणला, सायकलवर बसून तीन फेरे सरळ पुढे गेलो, टेपनं मोजून तीननं भागलं. आलं २१२१. माणसाच्या वजनानं टायर दबतो, म्हणून कमी. पंधरा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण शंभर किलोमीटरला सातशे मीटरची चूक तिथेच होती. हा सेन्सर बसवल्यापासून माझ्या घरापासून एकाच ठिकाणापर्यंतचं अंतर मी अकरा वेळा मोजलंय, साठ-सत्तर मीटरच्या आतबाहेर येतं.

आणखी एक, कारण ही चूक बहुतेक जण करतात. गल्लीतून निघता निघता यंत्र चालू करायचं नाही. प्रत्येक उपग्रह आपली नेमकी कक्षा तीस सेकंदांत एकदा सांगतो, आणि ते बोलणं यंत्राला सलग ऐकू यावं लागतं. शहापूरच्या गल्लीत दोन्ही बाजूंना इमारती, त्यात सायकल हलती. बोलणं तुटतं आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून ऐकत बसतं. उघड्या जागी मिनिटभर उभं राहावं. मी तेवढ्यात टायर दाबून बघतो.

मोबाईलबद्दल. ‘फुकट मिळतं’ हे खरं, आणि पुष्कळशा मोबाईलमधला जीपीएस माझ्या यंत्रापेक्षा चांगला असतो हेही खरं. रेंज नसतानाही तो चालतो, त्यामुळे ‘जंगलात मोबाईलचा जीपीएस बंद पडतो’ असं म्हणणाऱ्यांचं मी ऐकत नाही. माझं कारण वेगळं आहे. २०२३ च्या पावसाळ्यात आम्ही तिघं जांबोटीहून कणकुंबीकडे चाललो होतो. शेवाळलेल्या रस्त्यावर आमच्यातला एक जण घसरला, खांदा निखळला. त्याचा मोबाईल सकाळपासून हँडलवर, स्क्रीन चालू. सहा टक्के उरले होते, आणि ओल्या काचेवर बोट लागत नव्हतं. दुसऱ्याचा घरीच होता. माझा प्लास्टिकच्या पिशवीत, मागच्या खिशात, बंद स्क्रीननं पडून होता, ऐंशी टक्के. तिथे रेंज नव्हती, तीन किलोमीटर पुढे जाऊन चढावर एक काडी आली तेव्हा गाडी बोलावता आली. मोबाईल त्या वेळेसाठी राखून ठेवायचा, त्याला दिवसभर वेग दाखवायला लावायचं नाही, हे मी त्या दिवशी ठरवलं. यंत्र एका चार्जमध्ये माझ्याकडे अजूनही सतरा-अठरा तास चालतं. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळात पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राईडला, साडेतेरा तासांची मुदत असते. तेवढं ते न कुरकुरता पुरतं.

यंत्रात उणिवाही आहेत, त्या मागच्या लेखात कमी सांगितल्या होत्या. यात नकाशा नाही, फक्त एक रेघ दिसते. चोर्ल्याच्या रस्त्याला चुकायला वाव नाही, पण हत्तरगीच्या बाजूला उसातून जाताना फाटा मागे पडल्यावर चाळीस-पन्नास मीटरनी ते सांगतं की रेघ सुटली. तिथे थांबून बांधावरच्या माणसाला कन्नडमध्ये ‘दारी याव्दु री?’ (वाट कुठली हो?) विचारणंच खरं. आणि ॲपच्या एका अपडेटनंतर माझ्या पाच राईडी पुसल्या गेल्या. कंपनीला दोनदा मेल केला, उत्तर आलं नाही. तेव्हापासून मी दर आठवड्याला केबल लावून फाईल संगणकावर उतरवून घेतो.

आता दूधवाल्यांचं. हे वाचून मला वाईट वाटलं, तुमचा राग आला म्हणून नव्हे, तर माझे वडील आठवले म्हणून. ते येळ्ळूरहून उद्यमबागेतल्या फौंड्रीत सायकलनं जायचे, बावीस वर्षं. काळी, जाड, घंटा नसलेली सायकल. त्यांच्याकडे यंत्र नव्हतं, पण मोजमाप नव्हतं असं म्हणू नका. कारखान्याचा पहिला भोंगा त्यांना कुठल्या झाडापाशी ऐकू येतो, यावर ते दिवस ओळखायचे. वारा समोरून असला की भोंगा अलीकडच्या झाडापाशी व्हायचा. शेवटच्या दोन वर्षांत तो रोजच अलीकडे व्हायला लागला, तेव्हा त्यांनी आईला सांगितलं, ‘माझ्यात काहीतरी कमी व्हायलंय.’ डॉक्टरांकडे गेले, शुगर निघाली. दुसऱ्या कुणाच्या वेळेशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. तोच रस्ता, तीच सायकल, तीच झाडं, आणि कालचे आपण.

मला चव्वेचाळिसाव्या वर्षी शुगर निघाली तेव्हा माझ्या रस्त्यावर भोंगा नव्हता. मी येळ्ळूरहून राजहंसगडाचा चढ धरला. महिन्यातून एकदा, तीच सायकल, छातीला हार्ट रेटचा पट्टा, तेच स्वस्तातलं यंत्र. २०२२ च्या डिसेंबरात गडाच्या पायथ्यापासून वर जाताना नाडी १६८ ला टेकायची आणि दोनदा पाय खाली ठेवावा लागायचा. यंदा जानेवारीत त्याच वेळात १५४, एकदाही न थांबता. त्या चढाची उंची यंत्र दहा मीटरनं चुकीची सांगत असेल, सांगू दे. चूक दर महिन्याला साधारण तेवढीच असेल, तर मला हवं ते त्यातून कळतं. स्वस्त यंत्राचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी लावला की भांडण होतं, स्वतःच्याच मागच्या आकड्याशी लावला की उपयोग होतो. हे मागच्या लेखात मी नीट म्हणायला हवं होतं. बॅटरी, स्क्रीन आणि किंमत यांतच मी गुंतलो, आणि वाचणाऱ्याला ते विकत घ्या म्हणून सांगितल्यासारखं वाटलं असेल, तर ती तक्रार मला मान्य आहे. यंत्र मी माझ्या पैशानं घेतलंय, ३,२०० रुपये, कुणी दिलेलं नाही.

ज्या पोराला अजून आठवड्यातून दोनदा सायकल बाहेर काढायची सवय लागलेली नाही, त्यानं हे घेऊ नये. त्या पैशात चांगले टायर, पुढे-मागे लाईट आणि हेल्मेट येतं. हे मी मूळ लेखात आज वरच घातलंय. बॅरोमीटरचं ते वाक्य काढलंय, त्या जागी खिडकीतल्या तीन आकड्यांचा तक्ता टाकलाय.

पुतण्याच्या टायरच्या बाजूला ७०० किंवा २६ पासून सुरू होणारे आकडे छापलेले असतील, ते मला कळवा. दोघांपैकी कुणाच्या यंत्रात किती सेकंदांनी नोंद होते, तेही सेटिंगमध्ये बघायला सांगा. येत्या रविवारी मी सकाळी साडेसहाला येळ्ळूरच्या वेशीत असेन, खडू आणि टेप घेऊन. तुम्हीही आलात तर दोघांचं चाक तिथेच मोजू आणि गडापर्यंत एकत्र जाऊ.